झेंड्यावर क्रूस, गलबतात मिरी

खडकीत चर्चची घंटा आणि मशिदीची अजान एकाच वस्तीत ऐकू येते. जेरुसलेमसाठीची ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धे म्हणूनच आम्हाला परकी वाटतात. पण तो वणवा गोव्यापर्यंत आला होता. मोरोक्कोत मुसलमानांशी लढून तयार झालेल्या पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशहाकडून गोवा जिंकला. मदतीला होनावरचा हिंदू तिम्मय्या होता. मग बायकामुलांसह मुसलमानांची कत्तल झाली. याच माणसाने गोव्यात सतीची चाल बंद केली, हेही आम्ही विसरत नाही. १५११मध्ये मलाक्का, १५१५मध्ये होर्मुझ घेऊन त्याने मसाल्याच्या व्यापाराची नाकी आवळली. त्याच वर्षी राजाने त्याला पदावरून काढले आणि तो गोव्याच्या बंदरात मेला. धर्माच्या नावाने मेली ती रयत; नफा राजाचा. धर्मरक्षणाची हाळी आली की आम्ही आधी गलबतातला माल तपासावा.