शिळेवरची सही

बी. ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत रविवर्मा हे नाव मला एका तसबिरीच्या कोपऱ्यातले नाव म्हणूनच ठाऊक होते. आमच्या आरमोरीच्या घरी देवघरावरच्या भिंतीला एक सरस्वती टांगलेली आहे. पांढरे जरीकाठी लुगडे, मांडीवर वीणा, मागे पाणी आणि जवळ मोर. आजी तिला सरस्वती म्हणत नाही, मोरवाली म्हणते. माझे पणजोबा कोशाचे कापड विकायला नागपूरला जात, त्यातल्या कुठल्याशा खेपेत ही तसबीर आली, एवढाच तिचा इतिहास घरात शिल्लक आहे. चुलीच्या धुराने काच पिवळी पडली, एका कोपऱ्याला वाळवी लागली. पण सकाळचे हळदकुंकू कधी चुकले नाही.

दोन वर्षांपूर्वी नागपुरात एका चित्रप्रदर्शनात मी पहिल्यांदा एचिंग पाहिले. तांब्याच्या पत्र्यावर रेखाटन कोरायचे, पत्रा आम्लात बुडवायचा, खोलगट रेषांत शाई भरायची आणि दाबयंत्राखाली कागदावर ठसा घ्यायचा, असा तो प्रकार. एका नामांकित आधुनिक चित्रकाराच्या रेखाटनांवरून दुसऱ्याच कुशल हातांनी ते पत्रे केले होते आणि चित्रकाराने प्रत्येक प्रतीखाली शिसपेन्सिलीने सही केली होती. सहीच्या दुसऱ्या अंगाला लिहिले होते १२/७५. म्हणजे पंचाहत्तर प्रतींपैकी बारावी. ठरलेल्या प्रती निघाल्या की पुन्हा छापू नये म्हणून पत्र्यावर रेघा मारून तो बाद करतात म्हणे. किंमत ऐकून मी दोन पावले मागे सरलो. पण परतताना एस. टी.त डोक्यात एकच विचार घोळत होता. आपल्या मोरवालीवरही सही आहे!

घरी आल्याबरोबर स्टुलावर चढलो आणि प्रयोगशाळेतून मागून आणलेले भिंग लावले. सही होती. आकडा मात्र कुठेच नव्हता. खाली इंग्रजीत रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा एवढाच मजकूर. आणि भिंगातून पाहतो तो सहीसुद्धा मोराच्या पिसासारखीच, बारीक बारीक ठिपक्यांची. छापलेली! मी हिरमुसलो. इतिहासाच्या सरांना सांगितले तर ते हसले आणि त्यांनी ग्रंथालयातून रणजित देसाईंची राजा रविवर्मा ही कादंबरी माझ्या हाती ठेवली. कादंबरी ती कादंबरीच. तिच्यातले कल्पित कोणते आणि घडलेले कोणते हे वेगळे करता करता माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. पण या माणसाने मला सोडले नाही.

रविवर्म्याचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किलिमानूर येथे झाला. घराणे राजघराण्याशी सोयरीक असलेले, पण गादी नसलेले. लहानपणी तो वाड्याच्या भिंती कोळशाने रंगवी, असे सांगतात. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रे काढीत; त्यांनी पोराला रागे भरण्याऐवजी शिकवायला घेतले आणि १८६२ साली, चौदाव्या वर्षी, तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेऊन सोडले. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवखेच होते. दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार आला होता. त्याने शिकवण्याचे नाकारले, फक्त काम करताना बघू दिले. बाकी सारे या मुलाने बघून, रंग वाया घालवून आणि पुन्हा बघून मिळवले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम हाच. पुढची पदके त्यामानाने सोपी असावीत.

पदके पुष्कळ मिळाली. १८७३ साली मद्रासला आणि त्याच वर्षी व्हिएन्नाला केस माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राचा गौरव झाला. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही त्याची चित्रे गाजली. संस्थानिकांची बोलावणी येऊ लागली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा चित्रे करवून घेतली. त्यासाठी रविवर्मा धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा याला घेऊन देशभर हिंडला. देवादिकांना कोणती वस्त्रे नेसवावीत, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. प्रांतोप्रांतीच्या बायकांचे पेहराव पाहून त्याची नजर पुन्हा पुन्हा आपल्या नऊवारीवर स्थिरावली. आज लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आपल्याला घरच्या बायकांसारख्या वाटतात त्याचे मूळ इथे आहे. चौदा चित्रे राजवाड्यात जाण्याआधी बडोद्यात आणि मुंबईत लोकांना दाखवली, तेव्हा ती पाहायला रीघ लागली.

तरीही ती अखेर गेली राजवाड्यातच. रविवर्म्याच्या आयुष्याला खरे वळण लागते ते या ठिकाणी. सर टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले मुत्सद्दी. आधी त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण. त्यांनी १८८४ च्या सुमारास रविवर्म्याला सुचवले होते की मागणी एवढी आहे की दोन हात पुरे पडणार नाहीत, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून रंगीत छापून घ्यावीत. रविवर्म्याने त्यापुढचे पाऊल टाकले. युरोपात न पाठवता १८९४ साली त्याने मुंबईतच छापखाना काढला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. देवांची शिळाछापाची चित्रे त्याआधीही निघत. पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून ती छापत होती. पण तैलचित्राचा भास देणारा असा छाप लोकांना नवा होता. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे.

हे काम कसे चाले ते वाचून मी थक्क झालो. चुनखडीच्या जाड, गुळगुळीत शिळांवर तेलकट खडूने चित्राची नक्कल उतरायची. शिळा ओली केली की तेलकट भाग तेवढा शाई धरतो. एका रंगाला एक शिळा. गुलाबी वेगळी, निळी वेगळी, कातडीच्या सावल्यांना आणखी तीन-चार. एकच कागद दहा-पंधरा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, यंत्रातून काढायचा आणि प्रत्येक खेपेला तो केसभरही हलता कामा नये. हलला तर देवीला दोन नाके! शेवटी वार्निश, आणि वर कॅनव्हासाची वीण उमटवायची. ठिपके देणारे कारागीर निराळेच. त्यांची नावे कुठल्याच कोपऱ्यात नाहीत. मोरवालीच्या कोपऱ्यातली सही अशीच कुणा अनामिकाने शिळेवर गिरवलेली. त्या खाली आकडा नाही, कारण प्रती किती काढायच्या याला मर्यादा घालण्याचा विचारच नव्हता. मागणी असेतो छापत जायचे. दुर्मिळता हा एचिंगचा प्राण; रविवर्म्याने तो जाणूनबुजून काढून टाकला आणि चित्र कोशाच्या फेरीवाल्याला परवडेल एवढे स्वस्त केले.

धंदा मात्र त्याला जमला नाही. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले, कर्ज वाढले. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी फ्रिट्झ श्लायशर या त्याच्याच जर्मन तंत्रज्ञाला, चित्रांच्या हक्कांसकट, विकून टाकला. याच छापखान्यात दादासाहेब फाळके यांनी काही काळ काम केले. त्यांच्या पहिल्या पौराणिक चित्रपटांतले देव इथूनच चालत आले असावेत, असे मला वाटते. छापखाना पुढे पुष्कळ वर्षे चालला. १९७२ च्या आगीत त्याची मोठी हानी झाली.

राजा हे बिरुदही उशिराचे. १९०४ साली कैसर-इ-हिंद पदक देताना सरकारी कागदात राजा रविवर्मा असा उल्लेख झाला आणि तोच रूढ झाला. जानेवारी १९०५ मध्ये भाऊ गेला. कुंचला दोघांनी मिळून धरलेला. कित्येक चित्रांतले डोंगर-झाडे धाकट्याच्या हातची. त्यानंतर रविवर्मा खचला. म्हैसूरच्या महाराजांसाठी पौराणिक चित्रे काढीत असतानाच त्याची प्रकृती ढासळत गेली आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किलिमानूरलाच त्याने देह ठेवला. पुढे बंगाली संप्रदायाच्या कलावंतांनी आणि टीकाकारांनी त्याला पाश्चात्त्यांचा नकलाकार आणि नाटकी ठरवले. नाटकी तो आहेच. पण आम्हा झाडीपट्टीच्या लोकांना, दिवाळीनंतर रात्र रात्र रंगीत पडद्यांपुढे बसणाऱ्यांना, त्यात खोट वाटावी तरी कशी?

एवढे वाचल्यावर मी चित्रे जमवू लागलो. आरमोरीत आणि नदीपलीकडच्या खेड्यांत सायकलीवर हिंडलो. एक दमयंती न्हाव्याच्या दुकानात मिळाली, एक विश्वामित्र-मेनका गोठ्यात, वासराच्या दाव्यामागे. एकावर तर कुणा बाईने लुगड्याच्या काठाला खरी जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. दीड वर्षात सात झाली.

त्यातली लक्ष्मी मला अजून टोचते. ती एका म्हाताऱ्या बाईंच्या घरची. काच नव्हती, कडा कुरतडलेल्या. मी त्यांना बाजारातली नवी, चकचकीत चौकटीतली लक्ष्मी नेऊन दिली आणि जुनी घेऊन आलो. बाई खूश, मीही खूश. दोन महिन्यांनी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी आला आणि त्याने त्या कुरतडलेल्या लक्ष्मीची जी किंमत सांगितली, तिच्यात माझी नागपूरच्या एम. ए.ची दोन वर्षांची फी भागली असती. त्या रात्री झोप आली नाही. त्याला मी नकार दिला खरा, पण ताबडतोब दिला असे लिहिले तर ते खोटे होईल. चार दिवस घेतले.

पाचव्या दिवशी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून बाईंकडे गेलो. आजी, तुमची लक्ष्मी फार मोलाची आहे, परत घ्या, असे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मला आत नेऊन भिंत दाखवली. नव्या लक्ष्मीच्या कपाळावर कुंकवाचा जाड थर बसला होता, समोर उदबत्तीची राख. बसलेला देव उठवायचा नसतो, असे म्हणून त्या चहा ठेवायला गेल्या. निघताना त्यांनी बजावले की जुनीला नुसती पेटीत घालून ठेवू नकोस.

ती आता आमच्याकडे मोरवालीच्या शेजारी आहे. आजी दोघींनाही कुंकू लावते, आणि मी भिंग घेऊन स्टुलावर चढलो की ओरडते.