अरणचे सावतोबा

अमक्याच्या इतक्या वाऱ्या झाल्या, आपल्या किती थोड्या, असे मोजमाप वारकऱ्याच्याही मनात येते, माउली! तेव्हा अरणच्या सावतोबांना आठवावे. जन्म इ. स. १२५० चा. पंढरी काही फार लांब नव्हती. त्याच काळी नामदेवराय तिथे कीर्तनात रंगत. सावतोबा मळ्यातच राहिले. मोट हाकावी, वाफे भिजवावे, मुखी नाम. त्यात कमीपणा कसला? थोर कुळ लाभले नाही म्हणून अभिमान शिवला नाही, याबद्दल त्यांनी देवाचे उपकारच मानले! शके १२१७, म्हणजे १२९५ च्या आषाढ वद्य चतुर्दशीला मळ्यातच देह ठेवला. आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात. मग पांडुरंगाची पालखी अरणला जाते, सावतोबांच्या भेटीला.