भायखळ्याचा तुरुंग आणि मुल्कोवालची बाटली

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे रुग्ण सापडले आणि पुढच्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत दाखल झाले. १८६० साली ओडेसात जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ मुळात प्राणिशास्त्राचे; वैद्यकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली, दिमतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली.

पण एकट्याला काही झाले नाही, यावरून लस सुरक्षित असावी एवढेच कळते. ती प्लेग रोखते का, हे ठरवायला तुलना हवी होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथले कैदी एकाच भिंतीआड राहणारे, एकच अन्न खाणारे. त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी स्वखुशीने लस घेतली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

आकडे लहान होते. शिवाय स्वखुशीने पुढे येणारे मुळातच धडधाकट असतील, ही शंका उरतेच. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात तीही दूर करण्याचा प्रयत्न झाला. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, बाकीच्यांना नाही. नंतर ज्या २८ घरांत प्लेग आला, तिथे लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३. एकाच छपराखालची ही तुलना त्या काळाच्या मानाने फारच पुढची होती. उरलेल्या निम्म्यांच्या वाट्याला काय आले, हेही त्याच आकड्यांत दिसते.

दरम्यान सरकारचा भर घरझडती आणि सक्तीच्या विलगीकरणावर होता. पुण्यात सोल्जर घरात घुसले, लोक रुग्ण लपवू लागले आणि जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला. पुढे सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने हाफकिन यांच्या आकडेवारीत उणिवा काढल्या, पण लसीने लागण आणि मृत्यू दोन्ही घटतात हे मान्य केले. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये लस मोठ्या प्रमाणावर बनू लागली.

मग ३० ऑक्टोबर १९०२ उजाडला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. इतर बाटल्यांतून टोचलेले ८८ जण सुखरूप राहिले. परळच्या प्रयोगशाळेत लस निर्जंतुक करण्याची पद्धत बदलली होती, त्यावर चौकशी समितीने बोट ठेवले. हाफकिन पदावरून दूर झाले.

पुरावा मात्र दुसरीकडे बोट दाखवत होता. बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटलीत आधीपासून धनुर्वाताचे जंतू वाढले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. ही माहिती सरकारी कागदांत असूनही हाफकिन यांना निर्दोष ठरवायला १९०७ उजाडले, आणि त्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांना लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहावे लागले.

हाफकिन भारतात परतले ते कलकत्त्याला. परळची जागा त्यांना पुन्हा मिळाली नाही. तिथल्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते युरोपात होते. १९३० साली लोझानमध्ये त्यांचे निधन झाले.