स्वस्ताईचा हिशेब : जॉन वुलमन

आपल्या चहातील साखर कोणाच्या घामातून आली, असा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला आहे काय? अडीचशे वर्षांपूर्वी एका शिंप्याला या प्रश्नाने स्वस्थ बसू दिले नाही. त्यांचे नाव जॉन वुलमन.

१७२० साली न्यू जर्सी या तत्कालीन इंग्रज वसाहतीत, एका क्वेकर शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते माउंट हॉली येथील एका दुकानात नोकरीस होते. एके दिवशी मालकाने त्यांना एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. विकत घेणारा वृद्ध गृहस्थ त्यांच्याच पंथाचा होता. वुलमन यांनी खत लिहिले. मात्र गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्यांनी दोघांनाही सांगितले. तरी मनाची टोचणी राहिलीच. पुढे असे खत लिहिण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला.

स्वतःचा व्यापार भरभराटीस आला असता १७५६ च्या सुमारास त्यांनी तो आवरता घेतला आणि शिवणकाम व फळबाग यांवर निर्वाह चालविला. पूर्वी आपण वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमाची साखर, काकवी व रम विकली, याचे त्यांना शल्य होते. पुढे त्यांनी तशी साखर खाणेही सोडले. गुलाम बाळगणाऱ्याच्या घरी पाहुणचार घेतल्यास ते सेवेचा मोबदला देत, कधी तो गुलामांच्याच हाती ठेवीत.

एका मृत्युपत्राचे व्यवस्थापक या नात्याने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने एका कृष्णवर्णीय मुलाला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत राबण्यासाठी विकले होते. गोऱ्या मुलांची उमेदवारी एकविसाव्या वर्षी संपे. म्हणजे नऊ वर्षे अन्यायाची. त्यांतील अर्धा दोष आपला, असा हिशेब करून वुलमन यांनी अखेरच्या साडेचार वर्षांची रास्त भरपाई देण्याचे बंधपत्र लिहून दिले. सही दोघांची होती, ही सबब त्यांनी पुढे केली नाही.

१७७२ साली ते इंग्लंडला गेले. तेथील टपालगाड्यांवरील मुले थंडीत गारठत, घोडे ऊर फुटेतो पळविले जात. म्हणून ते पायीच हिंडले, आणि टपालाने आपणांस विनाकारण पत्रे पाठवू नयेत, असे त्यांनी मित्रांना सांगितले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला यॉर्क येथे देवीच्या रोगाने त्यांचा अंत झाला. चार वर्षांनी, १७७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मरण पावली. तेथील कारखान्यांत परदेशी कंपन्यांसाठी कपडे शिवले जात. कारखाना आमच्या मालकीचा नव्हता, हे त्या कंपन्यांचे म्हणणे खरेच होते. पण विक्रीखतातील ती स्त्री तरी वुलमन यांच्या मालकीची कोठे होती?

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचे भाषांतर करताना माझी लेखणी थबकते. तेथे अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. वाचकहो, माल बनविणारी कंपनी, विकणारा दुकानदार आणि विकत घेणारे आपण, यांपैकी कोणाचा वाटा किती, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे मोजावे. वुलमन यांनी आपला वाटा साडेचार वर्षे इतका मोजला, आणि तो चुकता करण्याचे लिहून दिले.