लायनस पॉलिंग : फसलेल्या प्रयोगाचे देणे

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्यातील जंगलात आग्या मोहोळ उठले, तर माणसाच्या जिवावर बेतते. मधमाशीच्या विषातील मुख्य घटक म्हणजे मेलिटिन. ते रक्तातच पकडणारे कृत्रिम कण घडविण्याच्या संशोधनाचे मूळ शोधू लागल्यास आपण लायनस पॉलिंग यांच्या एका फसलेल्या प्रयोगापाशी पोहोचतो.

पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे झाला. औषधविक्रेते असलेले वडील ते नऊ वर्षांचे असताना निवर्तले. पडेल ते काम करीत त्यांनी शिक्षण पूर्ण केले. अणू एकमेकांशी कसे बांधले जातात, याचा उलगडा करून त्यांनी रसायनशास्त्रात नाव मिळविले. १९३६ मध्ये रक्तगटांचे संशोधक कार्ल लँडस्टायनर यांची भेट झाली आणि शरीरातील प्रतिपिंडे नेमक्या शत्रूलाच कशी ओळखतात, या प्रश्नाने पॉलिंग यांना पछाडले.

मेणावर मुद्रा उमटावी, तसे प्रतिपिंड परक्या रेणूभोवती घडते, असा सिद्धांत त्यांनी १९४० मध्ये मांडला. महायुद्ध पेटलेले असताना, १९४२ मध्ये, प्रयोगशाळेत प्रतिपिंडे तयार केल्याचा दावाही त्यांनी केला. मोठी आशा निर्माण झाली. मात्र इतरांना तो प्रयोग साधला नाही. शरीर प्रतिपिंडे आधीच बाळगून असते व जुळणारी तेवढी वाढविते, हे पुढे स्पष्ट झाले.

साच्याची कल्पना मात्र टिकली. १९४९ मध्ये त्यांचे विद्यार्थी फ्रँक डिकी यांनी रंगाच्या रेणूंभोवती सिलिका जेल घडवून तो रंग धुऊन काढला. त्या जेलने पुन्हा तोच रंग अधिक ओढून घेतला. १९७२ मध्ये जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी हेच तत्त्व बहुवारिकांत, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थांत उतरविले.

पॉलिंग यांना १९५४ मध्ये रसायनशास्त्राचे, तर अण्वस्त्र चाचण्यांविरुद्धच्या लढ्यासाठी १९६२ चे शांततेचे नोबेल मिळाले. दोन नोबेल पारितोषिके एकट्याने मिळविणारे ते एकमेव ठरले. १९ ऑगस्ट १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१० मध्ये, कॅलिफोर्नियातील केनेथ शे व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी मेलिटिनचा ठसा असलेले सूक्ष्म बहुवारिक कण विषबाधा झालेल्या उंदरांना टोचले. कणांनी रक्तातील विष पकडले आणि मृत्यूंचे प्रमाण घटले. माणसासाठी असे औषध अद्याप आलेले नाही. त्याची वाट मात्र पॉलिंग यांच्या चुकीतून निघाली.