मॉसफेटची कल्पना आधी मांडणारे लिलियनफेल्ड

चिंचवड-चाकण पट्ट्यात आता इलेक्ट्रिक स्कूटरही बनतात. अशा स्कूटरच्या मोटर कंट्रोलरमध्ये पॉवर मॉसफेट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत मोटरचा प्रवाह ताब्यात ठेवतो. या घटकामागची कल्पना शंभर वर्षे जुनी आहे. ती ज्युलियस एडगर लिलियनफेल्ड यांनी मांडली.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८८२ रोजी लेम्बर्ग येथे झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये असून त्याचे नाव ल्विव्ह आहे. १९०५ मध्ये बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवून पुढे ते लाइपझिग विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९२५ मध्ये त्यांनी कॅनडात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. अर्धवाहकाच्या पातळ थरातला प्रवाह केवळ बाहेरून दिलेल्या व्होल्टेजने कमी-जास्त करता येईल, असा त्यांचा दावा होता. १९२८ च्या अर्जात त्यांनी गेट आणि अर्धवाहक यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा विद्युतरोधक थर सुचवला. मात्र तेव्हा पुरेसे शुद्ध अर्धवाहक मिळत नव्हते. शिवाय पृष्ठभागावर अडकणारे विद्युतभार गेटचा परिणाम झाकून टाकत. त्यामुळे कल्पना कागदावरच राहिली. पुढे बेल लॅब्जला ट्रान्झिस्टरची पेटंटे घेताना याच जुन्या पेटंटांचा अडथळा आला.

अखेर बेल लॅब्जमधील मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी सिलिकॉन तापवून त्यावर ऑक्साइडचा स्वच्छ थर वाढवला आणि १९६० मध्ये चालणारा मॉसफेट जाहीर केला.

आज मॉसफेट निवडताना याच रचनेचे गुणदोष मोजावे लागतात. ४८ व्होल्टच्या बॅटरीसाठी साधारण ८० ते १०० व्होल्ट क्षमतेचा मॉसफेट घेतात, कारण प्रवाह तुटताना व्होल्टेज उसळते. चालू स्थितीतला रोध ५ मिलिओहम असेल, तर ४० अ‍ॅम्पिअरला ८ वॅट उष्णता होते. रोध कमी करण्यासाठी मोठा मॉसफेट घेतला, तर गेटचा विद्युतभार वाढतो आणि चालू-बंद होताना जास्त ऊर्जा वाया जाते. गेटवर मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज गेले, तर ऑक्साइडचा थर फुटून मॉसफेट कायमचा निकामी होतो.

लिलियनफेल्ड यांनी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरही पेटंट घेतले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. पत्नी बिएट्रिस यांनी ठेवलेल्या देणगीतून अमेरिकन फिजिकल सोसायटी त्यांच्या नावाने पारितोषिक देते.