टेडी वेदरफर्ड : टाळ्या आणि हक्क

गंजाडच्या पाड्यापाड्यांवर तारपा घुमतो. बाहेरचे पाहुणे येतात, टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. तोच तारपावाला वनहक्काचा दावा घेऊन कचेरीत गेला की ताटकळत बसतो. कलेला दाद आणि कलावंताची उपेक्षा, हा व्यवहार जगभरचा आहे. म्हणून आज आम्ही टेडी वेदरफर्ड या कृष्णवर्णीय पियानोवादकाचे स्मरण करीत आहोत.

टेडींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, पोकाहोन्टस या कोळसा खाणीच्या गावी झाला. कायद्याने गुलामगिरी १८६५ सालीच संपली होती. तरीही काळ्यांची शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा! अमेरिकेतल्या या गावकुसाबाहेरच्या समाजानेच जगाला जॅझ संगीत दिले. टेडी न्यू ऑर्लिन्समध्ये पियानो शिकले आणि शिकागोत गाजले. तेथे एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँग त्यांच्या सोबतीला होते. १९२६ साली टेडींनी अमेरिका सोडली आणि शांघायमध्ये नाव कमावले.

१९३० च्या दशकात ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ यांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवू लागले. साहेब आणि श्रीमंत त्यांच्या तालावर नाचत. त्याच दशकात बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली (१९३५) आणि स्वतंत्र मजूर पक्ष काढला (१९३६). एकाच मुंबईत एकीकडे काळ्या बोटांना टाळ्या मिळत होत्या, दुसरीकडे अस्पृश्य माणूस हक्क मागत होता.

पुढे टेडी कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेले. तेथे त्यांच्या वाद्यवृंदात भारतीय वादकही होते. २५ एप्रिल १९४५ रोजी कॉलऱ्याने त्यांचा तेथेच अंत झाला. वय अवघे ४१! ज्या अमेरिकेने त्यांना घडवले, तिच्यात आज त्यांचे नाव जाणकारांपुरतेच उरले आहे.

या दोन समाजांचे नाते आमच्या महापुरुषांनी फार आधी ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ काळ्यांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली दलित पँथरने तर नावच तिकडच्या लढ्यावरून घेतले.

टेडींच्या आयुष्याचा धडा सरळ आहे. टाळ्यांनी पोट भरेल, पण माणूसपण मिळत नाही. ते संघटनेने आणि संघर्षानेच मिळते. गंजाडच्या तारपावाल्याला मंचावर जरूर बोलवा. पण त्याच्या सातबाऱ्यासाठीही त्याच्या शेजारी उभे राहा.

जय भीम!